खाणीतली उडी आणि दुकानातला आरसा

आमच्या ह्यांना कोणी आजारी म्हटलं की हे भडकतात, आणि ‘काही झालेलं नाही त्यांना’ असं म्हटलं की मी भडकते. त्यामुळे आमच्याकडे तब्येतीची चौकशी करणाऱ्याची पंचाईतच होते.

हे न्हावी. कोपऱ्यावर दुकान: दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि मागे पडद्याआड माझी टॉवेल धुण्याची मोरी. दाढीला ह्यांचा हात इतका हलका, की गिऱ्हाईक खुर्चीत घोरायला लागायचं. खोड एकच. मान कायम डावीकडे कललेली. लग्नाच्या फोटोतही तशीच. मला वाटलं, स्वारीची ऐट असेल! गिऱ्हाइकाचं डोकंसुद्धा हे हळूच स्वतःच्या मानेच्या रेषेत आणायचे आणि मग कात्री चालवायचे. परिणाम असा, की आमच्या गल्लीत निम्म्या पुरुषांचा उजवा कल्ला डाव्यापेक्षा लांब. कोणी तक्रार केली नाही. सगळ्यांचंच तसं होतं ना!

मग काही वर्षांपूर्वी दुखणी सुरू झाली. डोकं मागून ठणकायचं. वर बघितलं की चक्कर. हाताला मुंग्या. झोपून उठले तरी दमलेलेच. रक्त तपासून झालं, डोळे झाले, कान झाले. एका डॉक्टरांनी सांगितलं, “टेन्शन घेऊ नका.” मला असा राग आला! टेन्शन कसलं डोंबलाचं? भाजी करपली तरी ‘वास मस्त सुटलाय’ म्हणणारा माणूस हा!

एके दिवशी पोस्टमन दाढीला बसला होता. मुंग्या आल्या आणि वस्तरा कानाखाली निसटला. जखम कसली, ओरखडा. पोस्टमन बिचारा म्हणाला, “तुरटी फिरवा, विषय संपला.” पण ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. वस्तरा धुतला, फडक्यात गुंडाळला आणि खणात ठेवून दिला.

“आजपासून दाढी बंद,” हे म्हणाले. “आणि दुकानाला चांगला माणूस मिळाला तर देऊन टाकू.”

मी भांडले, विनवण्या केल्या. छे! घरात शीळ घालणं थांबलं. वस्तरा खणातून बाहेर आला नाही, तर हा माणूस माझ्या हातातून जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

शेवटी नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. बाईंनी विचारलं, “मानेला पूर्वी कधी मार लागला होता?”

“कधीच नाही,” हे म्हणाले.

मीही मान डोलावली. खोटं नाही हो बोललो! आमच्या घरी मार म्हणजे रक्त, प्लास्टर, दवाखाना. बाकी सगळी गंमत.

बाई लिहीत बसल्या. सासूबाईंना शांतता सोसत नाही. “मार कुठला लागतोय ह्याला!” त्या रंगात आल्या. “लहानपणी मित्रांनी डिवचलं म्हणून ह्याने दगडाच्या खाणीतल्या पाण्यात सूर मारला. वरून वाटलं खोल, निघालं कमरेएवढं! डोकं गाळात, पाय वर! बाहेर आला तो डोक्यावर शेवाळाची टोपी घालून!”

ही गोष्ट आमच्याकडे पाहुणा आला की होतेच. सासूबाई पाय वर केल्याचा अभिनयही करतात. आम्ही तिघंही सवयीने खो खो हसलो. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“आणि मग मान?”

“मान कसली वळतेय! हाक मारली की अख्खा वळायचा, कपाटासारखा. उन्हाळाभर आम्ही हसत होतो.”

“आजी,” बाई म्हणाल्या, “ह्याला मार म्हणतात.”

ह्यांनी मानेला असा हात लावला, जणू ती दुसऱ्याचीच आहे.

मानेचे एक्स-रे काढले. मानेतला एक मणका कधीकाळी चिरून वेडावाकडा जुळला होता आणि तिथे नस दबत होती. “मुंग्या नक्की ह्याच्याच,” बाई म्हणाल्या. “डोकेदुखी आणि चक्करही बहुतेक ह्यानेच. थकव्याचं मात्र छातीठोक सांगता येणार नाही. संबंध असू शकतो. उपचार करून बघू.” ‘असू शकतो’ हा शब्द मला फार आवडला. ‘टेन्शन घेऊ नका’पेक्षा कितीतरी प्रामाणिक.

व्यायाम सुरू झाले. हे भिंतीला पाठ लावून हनुवटी आत ओढायचे आणि समोर सासूबाई खुर्ची टाकून पहारा द्यायच्या. गिऱ्हाइकाची खुर्ची उंच करून घेतली, म्हणजे वाकायला नको. मुंग्या हळूहळू ओसरल्या. थकवा अजून येतो, मधूनच, न सांगता. आला की हे दुपारी आडवे होतात आणि कोणी ‘आजारी’ म्हटलं की भडकतात. भडकू देत.

परवा पोस्टमन आला आणि सरळ खुर्चीत बसून म्हणाला, “मास्तर, दाढी.”

बाकीच्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. ह्यांनी खण उघडला, फडकं सोडलं. फेस लावला आणि समोर बघितलं.

“हा आरसा कोणी वाकडा टांगलाय?”

“तुम्हीच!” अख्खं दुकान ओरडलं. दुकान काढलं तेव्हा स्वतःच्या हाताने टांगलेला, आणि आजवर ह्यांच्या कललेल्या मानेला तो सरळच दिसत होता. हे पोट धरून हसले, मग हात पुसला आणि वस्तरा गालावर टेकवला. वरून खाली, कानाजवळ, हनुवटीखाली. एक ओरखडा नाही.

पोस्टमनने आरशात पाहिलं. “कल्लेपण सारखे केलेत? घरी ओळखतील का मला?”

हशा पिकला. मी पडद्याआड पळाले.

“अगं, टॉवेल कुठाय?” हे ओरडले.

टॉवेल माझ्या तोंडावर होता, चिंब भिजलेला. “थांबा,” मी म्हटलं, “कोरडा देते.”