भिरभिऱ्याचा पहिला तुकडा

एकतीस डिसेंबर, सकाळचे सहा. घरात जीव चार: निवृत्त फोरमन, त्यांची बायको, सून आणि सात वर्षांची नात चिमणी. मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला, म्हणून मोजणीत नाही. मांजर धरले तर पाच; पण ते केवळ जेवणापुरते या घरचे होते.

बेकरीत त्यांना सगळे फोरमनच म्हणत, आणि निवृत्त होऊन आठ महिने झाले तरी गल्लीतही तेच नाव टिकून होते. एकतीस वर्षे ते एकाच भट्टीसमोर उभे राहिले. वर्षअखेरच्या सुटीला सारे गाव उशिरा उठे आणि गरम पेस्ट्रीचा नाश्ता करी. इतरांचा तो नाश्ता वेळेवर व्हावा म्हणून फोरमन स्वतःच्या घरच्या नाश्त्याला कधीच हजर नसत. बायकोनेही त्याची तक्रार करणे केव्हाच सोडून दिले होते.

त्या दिवशीची खास पेस्ट्री म्हणजे भिरभिरे. पापुद्र्यांच्या पिठाचा चौकोन चारही कोपऱ्यांतून कापायचा, एक सोडून एक टोक मध्यावर दुमडायचे आणि तेथे जॅमचा ठिपका ठेवायचा; मुलांच्या कागदी भिरभिऱ्यासारखे दिसते म्हणून हे नाव. पहिला ट्रे भट्टीतून बाहेर आला की मालक स्वतः एका भिरभिऱ्याचे टोक मोडत, "ज्यानं केलं त्यानं आधी खायचं," असे म्हणत आणि तो तुकडा सर्वांसमक्ष फोरमनच्या हातावर ठेवत. मग टाळ्या पडत. फोरमन तुकडा उभ्यानेच खात.

पीठ मात्र घडीताई करी. घडीच्या टेबलावर काम करणारी, म्हणून घडीताई. पीठ लाटून त्यात लोण्याचा थर दाबायचा, तीनदा घडी घालायची आणि प्रत्येक घडीनंतर ते अर्धा तास थंडीत ठेवायचे, हे तिचे काम. त्यासाठी हात थंड लागतो. नाही तर लोणी पिठातच मुरते आणि पापुद्रा सुटत नाही. फोरमनच्या हातावर तुकडा पडे तेव्हा तिची पाठ टाळ्या वाजवणाऱ्यांकडे असे, कारण पुढचे पीठ थांबणारे नव्हते. या व्यवस्थेत कोणाला काही वावगे वाटले नाही. फोरमनना तर नाहीच.

डिसेंबरच्या आरंभी औषधांच्या दुकानात मालक भेटले. हातात खोकल्याची बाटली, चेहऱ्यावर उदासी.

"नवा माणूस चांगला आहे हो, फोरमन. पण तुमची सर नाही."

यावर गप्प राहिले असते तर पुढचे काहीच घडले नसते. फोरमन म्हणाले, "सुटीच्या सकाळी घरी या, मालक. भट्टी सुटली, हात नाही सुटला."

"शब्द देताय? मी येईन बरं का! आठ वाजता."

घरी पोहोचल्यावर त्यांच्या ध्यानात आले की घरात भट्टी नाही. दोन शेगड्यांचा गॅस होता, आणि सुनेने आणलेला एअर फ्रायर होता, गरम हवेवर भाजणारा डबा. ओट्याच्या कोपऱ्यातल्या त्या काळ्या यंत्राला त्यांनी आजवर हात लावला नव्हता.

"हे तर केस वाळवायचं यंत्र आहे, सूनबाई. यात भिरभिरी?"

"केस माझे ओलेच राहतात, बाबा. भिरभिरी मात्र होतील. मी चार रविवार करून पाहिलंय."

"आणि मला नाही दिलीस?"

"तुम्ही म्हणालात, डब्यातलं मी खात नाही."

सून रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करी. न लिहिता काही करायचे नाही, ही तिची सवय. फ्रिजवर तिने कागद चिकटवला: आधी तीन मिनिटे रिकामे गरम करणे. एकशे साठ अंश. एका वेळी चारच. टोके ओल्या बोटाने दाबून वर काडी टोचणे. सात मिनिटांनी उघडून उलटणे. आणखी चार मिनिटे. जॅम शेवटी.

"उघडून" या शब्दापाशी फोरमन थांबले आणि हसले. "भाजताना दार उघडायचं? माझ्या हाताखाली कोणी उघडलं असतं, तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं."

"इथं तर मी घरीच आहे," सून म्हणाली.

तीस तारखेला दुपारी ते पीठ करायला बसले. भट्टीतला माल बाहेर आला की तो चांगला की वाईट हे ते नजरेने सांगत. परंतु घडी त्यांनी आयुष्यात घातली नव्हती. त्यांच्या गरम तळहातांखाली लोणी पाघळले आणि पाटावरून ओघळ निघाला. दुसऱ्यांदाही तेच झाले. सून कामावरून आली तेव्हा ते पाट पुसत होते. तिने खांद्यावरची पिशवीही खाली ठेवली नाही.

"सरका, बाबा. माझे हात बर्फ आहेत. मी गाल धरले की चिमणी किंचाळते."

तिने तिन्ही घड्या घातल्या. फोरमन स्टुलावर बसून सांगत राहिले: "कडा सरळ. हलक्या हातानं. घाई नको." बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, तिची पाठ दुखत असेल. एक स्टूल तिलाही द्या की." घरात स्टूल एकच होते. फोरमन उठले नाहीत.

सकाळी त्यांनी कोट चढवला. मालक येणार म्हणून नव्हे, थंडी आहे म्हणून, असे त्यांनी न विचारताच सांगितले. सून नहाणीघरात गेली होती. बारा भिरभिरी तिने कापून, दुमडून फ्रिजमध्ये ठेवली होती.

"भाजणं माझं," फोरमननी बंद दाराला सांगितले.

भट्टीत ते दोनशे वीस लावत. येथे त्यांनी दोनशे लावले, ही आपल्या परीने सवलतच दिली. काड्या टोचल्या नाहीत, कारण भट्टीत कधी टोचल्या नव्हत्या. जॅम आधीच घातला. चार भिरभिरी आत सारली आणि हात मागे बांधून उभे राहिले, जसे एकतीस वर्षे राहत आले होते.

भट्टीतली हवा स्थिर असते. या डब्यात पंखा होता, आणि तो आपले काम करत होता. टोके उचलली गेली, सुटली, उलटी फडफडली. जॅम उडून वरच्या तापलेल्या तारेवर बसला. चौथ्या मिनिटाला जळका वास आला. फोरमनचा हात टोपलीच्या मुठीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. उघडायचे नाही. अकरा मिनिटे पुरी झाल्यावर त्यांनी टोपली ओढली. वरून कोळसा झाला होता. एक फोडून पाहिले, तर आत ओले, पांढरे पीठ.

तेवढ्यात फोन वाजला. "फोरमन, मी कोपऱ्यावर! लवकरच आलो. जिना कुठला?"

तेव्हा त्यांनी जे केले ते विचार करून केले नव्हते, हे खरे. पण विचार नसताना माणूस काय करतो, त्यावरून त्याच्याविषयी पुष्कळ कळते. त्यांनी चारही जळकी भिरभिरी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कोटाच्या खिशात कोंबली. डोक्याला पंचा बांधलेली सून बाहेर आली. तिने यंत्राकडे पाहिले, धुराकडे पाहिले.

"बघ जरा," एवढेच ते म्हणाले आणि खाली उतरले.

कोपऱ्यावरच्या कचरापेटीशीच मालक उभे होते, त्यामुळे खिसा रिकामा करता आला नाही. फोरमननी त्यांना सावकाश आणले. टपालाच्या पेट्या दाखवल्या. इमारतीच्या नव्या रंगाची कोणी चौकशी केली नसताना त्याची हकिकत सांगितली. प्रत्येक मजल्यावर गुडघा दुखतो म्हणून थांबले. गुडघा दुखत नव्हता. ते मिनिटे मोजत होते, आणि ती कोणाच्या कागदावरची मिनिटे आहेत हे त्यांना पक्के ठाऊक होते.

दार उघडले तेव्हा घरभर लोण्याचा वास होता. टेबलावर चार भिरभिरी होती: सोनेरी, टोके जागच्या जागी, मध्यावर लाल जॅम. दुसरी चार टोपलीत होती. सुनेने सातव्या मिनिटाला टोपली ओढली, एकेक भिरभिरे चिमट्याने उलटले आणि टोपली परत सारली.

"वा! सूनबाई मदतीला आहेत वाटतं?" मालक म्हणाले.

खरे बोलण्याची संधी याहून सोपी करून कोणी दिली नसती. फोरमन म्हणाले, "हो. सांगितलं तसं करते. हात हलका आहे तिचा."

"पण आजोबा, ते तर आईनंच—"

"चिमणे, दूध संपव," सून शांतपणे म्हणाली.

ती रागावली असती तर ते फोरमनना पेलले असते. ती त्यांना सांभाळून घेत होती, हे त्यांना पेलेना. ते बसले. खिशातले वर्तमानपत्र मांडीला गरम लागत होते.

मालक उभे राहिले. त्यांनी एका भिरभिऱ्याचे टोक मोडले. पापुद्रे सुटल्याचा बारीक आवाज झाला. "रीत म्हणजे रीत. ज्यानं केलं त्यानं आधी खायचं." आणि तुकडा फोरमनच्या हातावर ठेवला.

बायको पाहत होती. सून चिमटा धुण्यात गुंतली होती. तिची पाठ टेबलाकडे होती. फोरमननी ती पाठ पाहिली, आणि त्यांना दुसरी एक पाठ आठवली, जी त्यांनी एकतीस वर्षे पाहिली होती आणि पाहिलीही नव्हती. तुकडा हातावर होता. पुढे केला असता तर ओट्यापर्यंत दोन पावलांचे अंतर.

त्यांनी तो खाल्ला. तो उत्तम होता. त्यांनी भाजलेल्या कोणत्याही भिरभिऱ्याहून कमी नव्हता.

"किती अंशावर, फोरमन? नव्या माणसाला सांगतो."

"एकशे साठ," फोरमन म्हणाले. "सात मिनिटं. उलटायचं. मग चार. जॅम शेवटी." फ्रिजकडे पाहावे लागले नाही, कागद तोंडपाठ होता.

"मान गए! डबा असो की भट्टी." मालकांनी दुसरे उचलले. "आणि घडी? घडीताईची आठवण आली बघा. भेटली होती मध्ये. मनगटं पार गेलीत बिचारीची, कप धरवत नाही. पण जीभ तशीच हं! म्हणते कशी, मालक, एकतीस वर्षं घड्या मी घातल्या आणि पहिला तुकडा फोरमनच्या पोटात. पोट दुखलं नाही का हो त्यांचं?" मालक मोकळेपणी हसले.

फोरमनही हसले. तसे हसता येते, हे त्यांना त्याच क्षणी कळले.

"अहो, कोट काढा की," बायको म्हणाली. "घामाघूम झालात."

"असू दे. थंडी आहे."

मालक साडेनऊला गेले. जाताना म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा." दार लागले. नात फोरमनच्या समोर येऊन उभी राहिली आणि तिने बोट दाखवले. कोटाच्या खिशावर तळहाताएवढा तेलकट डाग पसरला होता.

"आजोबा, तुम्ही लोणी खिशात ठेवलं?"

कोणी हसले नाही. बायकोने हात पुढे केला, कोट घेतला, खिशातली पुडी काढून उघडली, पाहिली आणि पुन्हा मिटली. कोट तिने गरम पाण्यात साबण घालून भिजवला. डाग फिकट झाला, गेला नाही.

सून यंत्र साफ करत होती. आतल्या तारेवर जॅम जळून चिकटला होता, आणि ती दात घासायच्या जुन्या ब्रशने तो खरवडत होती. फोरमन ओट्यापाशी गेले. म्हणायचे ते त्यांनी जिन्यात जुळवून ठेवले होते.

"बरी झाली होती," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "पीठ चांगलं थंड होतं."

ताटलीत एक भिरभिरे उरले होते. फोरमननी ते तिच्याकडे सरकवले. तिने अर्धे नातीला दिले, अर्धे खाल्ले. ते शेवटचे होते, पहिले नव्हते. हा फरक त्या दोघांनाही माहीत होता.

आता फेब्रुवारी संपत आला आहे. फ्रिजवरचा कागद अजून तेथेच आहे. घडीताईचे घर बसने दोन थांबे दूर आहे. फोरमन एकदा त्या थांब्यापर्यंत जाऊन परत आले. मालकांना त्यांनी अद्याप काही सांगितलेले नाही. नव्या माणसाला बेकरीत त्यांचे म्हणून एकशे साठ अंश सांगितले गेले आहेत.

घडीताईला पहिला तुकडा द्यायचा राहिला आहे. सुनेलाही द्यायचा राहिला आहे.