विचारून केलेली प्रार्थना: अल्लीपूरचा एक रविवार

शेरॉन प्रार्थनेतून उठून गेली, म्हणून आम्ही अल्लीपूरला गेलो.

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या आमच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी कुटुंबप्रार्थना असते. एक गीत, एक उतारा, मग माझा नवरा प्रकाश प्रार्थना करतो. त्या संध्याकाळी तो म्हणाला, "हे प्रभू, शेरॉनला मोबाईल बाजूला ठेवायची बुद्धी दे. गणितात तिचं लक्ष लागू दे. उलट बोलायची तिची सवय मोड."

पंधरा वर्षांच्या शेरॉनने डोळे उघडले. "पप्पा, तुम्ही देवाशी नाही, माझ्याशी बोलताय. मी यापुढे बसणार नाही."

"आमेन," आठ वर्षांचा योहान म्हणाला.

आठवडाभर ती आली नाही. बळजबरी करायची नाही, हे मी ठरवलं होतं. पण गीतात दुसरा आवाज तीच लावायची, ती जागा रिकामी राहायची. रविवारी चर्चमधून निघाल्यावर मी म्हटलं, अल्लीपूरला प्रकाशच्या आत्याकडे जाऊ. या एका नावाला शेरॉन नाही म्हणत नाही.

वर्ध्याहून वायगावमार्गे तासाभरात पोचता येतं. एसटी आहे, पण मुलं सोबत असतील तर स्वतःची गाडी बरी, थांबता येतं. हिवाळ्यात जा. कापूस फुटलेला असतो आणि बांधापलीकडे तुरी पिवळ्या असतात. वाटेत एका टपरीवर तर्री पोहे घेतले. थोड्या पैशांत चौघांचं पोट भरलं. तर्री कमी सांगा, नाहीतर लहान मुलं पाणीच पीत राहतात.

आत्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. दारातच उभ्या होत्या.

"सलाम, आत्या," प्रकाश आमच्या ख्रिस्ती रीतीने म्हणाला.

"सलाम. सापडला काय रे रस्ता तुले?"

जेवायला गोळाभात होता, म्हणजे भातात शिजवलेले बेसनाचे गोळे, त्यावर लाल मिरचीचं कडकडीत तेल. सोबत ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी. जेवण झाल्यावर आत्यांनी सतरंजी पसरली. शेरॉन उंबऱ्यावर बसली, आत नाही, बाहेर नाही. प्रकाशने घसा साफ केला.

"थांब," आत्या म्हणाल्या. "इथं आधी इचारा लागते. ज्याच्यासाठी मागाचं, त्याले इचाराचं काय मागू. अन् तेवढंच मागाचं. पेशंटले न इचारता सुई टोचते काय कोनी?"

"पण घरात आपण..."

"मालूम हाय. पोरीची तक्रार करत असशीन. तुया बापही तेच करे. मी सांगून सांगून थकली त्याले."

उंबऱ्यावर शेरॉन हसली.

योहानला विचारलं. त्याला कुत्रा हवा होता.

"कोनाकडून पायजे? देवाकडून का आईकडून?"

"दोघांकडून."

आत्यांनी डोळे मिटून, अगदी गंभीरपणे कुत्रा मागितला. माझ्याकडे बघण्यासाठी एक डोळा तेवढा उघडला.

मग प्रकाश उंबऱ्याकडे वळला. "शेरॉन, तुझ्यासाठी काय मागू?"

बाहेर शेळी ओरडत होती.

"मी प्रार्थना करते तेव्हा कोणी ऐकतंय असं वाटत नाही," ती म्हणाली. "तेवढंच सांगा त्याला. मला सुधारू नका."

"प्रभू," प्रकाश म्हणाला, "शेरॉनला वाटतं, कोणी ऐकत नाही."

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते आलं नाही. "आमेन," तो म्हणाला.

शेरॉन उंबऱ्यावरून उठली आणि सतरंजीवर येऊन बसली. "आणि तुमच्यासाठी, पप्पा?"

प्रकाशला कोणी हे विचारलेलं मला आठवत नाही. तो सतरंजीची किनार चिमटीत धरून बसला. "मलाही कधी कधी तसंच वाटतं," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग डोळे मिटले. "प्रभू, पप्पांचं ऐक."

त्यानंतर आत्यांनी ढोलकी काढली. आम्ही इतकं गायलो की शेजारची बाई चहा घेऊनच आली. निघताना आत्या शेरॉनला म्हणाल्या, "येजो पोरी. बापाले आनजो, नाई आनला तरी चालते."

घरी येऊन आता महिना होत आला. शेरॉन रोज बसते असं नाही. बसते तेव्हा विचारण्यातच वेळ जातो आणि भाजी पुन्हा गरम करावी लागते. आमच्यासारखी मुलं वाढवणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, विचारून पाहा. उत्तराची तयारी मात्र ठेवा.

काल प्रकाशने तिला विचारलं.

"आज काही मागू नका," ती म्हणाली. "नुसते बसा माझ्याजवळ."

आम्ही चौघे बसलो.