दोरीवरचं नऊवारी लुगडं

काल सकाळी सडा टाकला, शिजवलेली हळद अंगणात पसरली आणि सहज शेजारच्या दोरीकडं पाहिलं. गयाकाकूंचं हिरवं नऊवारी लुगडं वाळत होतं. अजून पाणी ठिबकत होतं.

आमच्या गल्लीत नऊवारी नेसणाऱ्या आता त्या एकट्याच. आणि त्यांची सून तर आठ दिवसांपासून सांगत होती, की त्या जवळा बाजारला लेकीकडे गेल्यात.

सून दारातच उभी होती. मी तिला विचारलं, "काकू आल्या का गं?"

"न्हाई. जुनं लुगडं हाय, गोधडीसाठी धुतलं."

"परवा पण हेच वाळत होतं."

"तुमी आमच्या दोरीवर पहारा देऊन राहिल्या काय, वहिनी?" ती हसली, पण दारातून हलली नाही.

माझे मालक गेले तेव्हा तेरा दिवस गयाकाकू माझ्याजवळ झोपल्या होत्या. मला राहवलं नाही. दुपारी त्यांच्या लेकीला फोन लावला.

ती म्हणाली, "आई? ती तर तिथंच हाय. दादा म्हणते, तिला फोनवर ऐकू येत न्हाई."

मैत्रिणींनो, आठ दिवस मी सुनेचं ऐकून गप्प बसले, याची लाज वाटते. तुमच्या शेजारचं म्हातारं माणूस तुम्हाला शेवटचं कधी दिसलं?

आज सकाळी मी पोलीस पाटलांना घेऊन त्यांच्या घरी गेले. मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. आतून काकूंनी विचारलं, "कोण हाय?"

मी कडी काढली.