डेल्मरचा कान

डेल्मर स्टिल्टनरने आयुष्यात गाडीला यंत्र जोडून बिघाड शोधला नाही. "यंत्राला काय कळतंय, कपाळ! इंजिन स्वतः बोलतं, ऐकणारा पाहिजे," असं म्हणून तो बॉनेटमध्ये डोकं खुपसायचा, आणि खरं सांगायचं तर पन्नाशीपर्यंत त्याचं निदान कधी चुकलं नाही. पण चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीतली मशिनं दुरुस्त करता करता त्याच मशिनांनी त्याचे कान खाल्ले होते. बारीक आवाज तर पार गेले होते. पठ्ठ्याने हे कुणालाही कळू दिलं नाही. लोकांच्या ओठांकडे बघायचं आणि मान डोलवायची, की झालं.

वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या खोऱ्यात रीतच होती, गाडी बिघडली की डेल्मरच्या अंगणात न्यायची. त्याला सोडून कुणी शहरातल्या गॅरेजात गेलं, तर डेल्मरचं नाक कापल्यासारखं व्हायचं. मग हा आपला तर सख्खा मेव्हणा, होबर्ट! तो कसला शहरात जातोय?

होबर्टची ब्यूक चोवीस वर्षांची. डेल्मरच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे बायकोला, आर्लीनला, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला डोंगरापलीकडे न्यायचं ते ह्याच गाडीतून. डेल्मरचा स्वतःचा ट्रक वर्षभर विटांवर उभा होता, आता बोला! नोव्हेंबरात ब्यूक चढावर दम सोडायला लागली. सपाटीवर ठीक, पण चढ आला की ताशी पंधरा मैल, आणि मागे लाकडाचे ट्रक भोंगे वाजवताहेत.

"ओढतच नाही रे," होबर्ट म्हणाला. "पाय पार तळाला टेकवला तरी ढिम्म."

आर्लीन त्याच्याशेजारीच उभी होती. डेल्मर गाडीखाली सरकला. सायलेन्सरच्या पुढे धूर गाळणारा जो डबा असतो, त्यावर त्याने मूठ आपटली. आतली जाळी फुटून तुकडे अडकले, की धुराला वाट उरत नाही आणि इंजिन गुदमरतं. अशा डब्यावर मूठ मारली की तो खुळखुळतो. डेल्मरला काही ऐकू आलं नाही.

"डबा ठणठणीत आहे," त्याने जाहीर केलं.

मग प्लग बदलले, फिल्टर बदलला. अंगणात गाडी अशी गरजली की डेल्मरची छाती फुगली. शुक्रवारी ती अर्ध्या चढावर बंद पडली आणि आर्लीनचा डायलिसिस चुकला. शनिवारी त्याने पेट्रोलचा पंप बदलला. "आता उडत जाशील," तो बहिणीला म्हणाला. आर्लीनचे पाय सुजून बुटात मावत नव्हते, तरी ती हसली. "उडायचं नाही रे, नुसतं पोचायचं आहे."

सोमवारी बर्फ पडत होतं. गाडी पुन्हा तिथेच बसली. फोनला रेंज नाही, दोन तास रस्त्याने कुणी नाही. शेवटी एका लाकडाच्या ट्रकवाल्याने त्यांना घरी आणून सोडलं. मंगळवारी पहाटे आर्लीनच्या छातीत पाणी भरलं. रुग्णवाहिका डोंगर ओलांडून आली, तोवर सगळं संपलं होतं.

माती देऊन आल्यावर होबर्टने ब्यूक ओढून आणून अंगणात लावली. डेल्मरला राहवेना. तो खाली सरकला, पुन्हा मूठ आपटली, पुन्हा तेच. बाहेर आला तर होबर्ट त्याच्याकडे बघत उभा.

"खुळखुळतोय," होबर्ट म्हणाला.

डेल्मरने ओठ वाचले. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू खाली मूठ मारलीस तेव्हा मला आणि आर्लीनला, दोघांनाही ऐकू आलं होतं."

"मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती? शहरात का नाही नेलीस?"

"निघालो होतो." होबर्टने मान खाली घातली आणि पुढचं तो बुटांकडे बघत पुटपुटला. डेल्मरला त्यातला एक शब्दही कळला नाही. सवयीने त्याची मान डोलणार होती. त्याने ती रोखली. एवढं एक न कळता मान डोलवायची त्याची हिंमत नव्हती.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "मोठ्याने सांग, होबर्ट. मला ऐकू येत नाही."

होबर्टने मान वर केली. त्याचे डोळे वाहत होते. मग तो जिवाच्या आकांताने ओरडला, "तुझे कान गेलेत हे तिला ठाऊक होतं! ती म्हणाली, शहरात नको, त्याला कळू देऊ नकोस, माझ्या भावाकडे आता तेवढंच उरलंय!"

शेजारच्या तीन घरांची दारं उघडली. डेल्मर बर्फातच मटकन बसला, आणि या वेळी खरंच ऐकू आलं म्हणून त्याने मान हलवली.