भाऊजींनी पुसलेला कंटेनर

आमच्या धाकट्या भाऊजींना स्वच्छतेचं वेड. एकदा माझा चहा अर्धा असतानाच कप धुऊन पालथा घातला. कामाचंही तसंच. ते एका दवाखान्यासाठी प्रोग्राम लिहितात आणि चालवतात कंटेनरमध्ये. कंटेनर म्हणजे कॉम्प्युटरच्या आतली बंद खोली, प्रोग्रामला लागेल ते सामान तिथेच. काय काय बसवायचं ते एका फाईलमध्ये लिहायचं. काम झालं की खोली मोडायची, हवी तेव्हा फाईलवरून पुन्हा बांधायची. "कचरा म्हणून राहत नाही, वहिनी," हे सांगताना चेहरा असा, जणू लग्न जमलंय.

त्या दिवशी दवाखान्यातल्या कॉम्प्युटर बघणाऱ्या बाई बारा वाजता पेशंटच्या नंबरांचा प्रोग्राम तपासणार होत्या. चालला तर भाऊजींची नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेरीस घरी.

आणि सकाळपासून प्रोग्राम कंपाइलच होईना, म्हणजे कंपायलर तो कॉम्प्युटरच्या भाषेत उतरवेना. मी शेजारी भाजी निवडत होते. भाऊजी कंटेनरच्या आत शिरून हे बसव, ते काढ करत होते, तोंडाने अखंड पुटपुट. दहाला एकदाचा प्रोग्राम चालला. भाऊजींनी खुशीत कंटेनर बंद केला. बंद झाला की आपोआप पुसला जाईल, ही सोयही त्यांचीच.

मग एकदम कपाळाला हात लावला.

"काय झालं?"

"दुरुस्त्या आतच केल्या, वहिनी. फाईलमध्ये काहीच लिहिलं नाही. सगळं पुसलं गेलं."

"बरं झालं. लख्ख झालं."

"थट्टा नको. काय काय केलं तेही आठवत नाहीये."

"मला आठवतंय ना. आधी फॉन्ट बसवलेत."

"नाही हो, आधी घड्याळाची वेळ."

"फॉन्ट. मग वेळ. मग नवा कंपायलर काढून जुना आणलात, तिथे शिवी दिलीत."

भाऊजी मुकाट्याने टाइप करायला लागले. मी सांगेन ते, जसंच्या तसं. नवा कंटेनर बांधला, प्रोग्राम कंपाइल झाला, पडद्यावर एक नंबर उमटला. तसेच धावत दवाखान्यात गेले.

प्रोग्राम तिथेही चालला. पण बाईंनी फाईल मागितली. वाचता वाचता थांबल्या. कंपायलरच्या ओळीवर टीप होती: इथे शिवी दिली.

"ही चुकून राहिली, आत्ता पुसतो," भाऊजी म्हणाले.

"हात लावू नका. कुठे अडतं ते पुढच्या माणसाला कळू दे," म्हणाल्या आणि कायम नोकरीच्या कागदावर सही केली.

तेव्हापासून ती ओळ तिथेच आहे, आणि भाऊजींना झोप नाही.