दिवेलागणीनंतरची सुई
मशीनच्या तेलाचा वास आला की डिलाईल रोडच्या चाळीतल्या आमच्या शेजारच्या काकू आठवतात, आणि अजून डोकं फिरतं. काकू ब्लाउज शिवायच्या, आणि रीतभातीचा तोरा तर विचारू नका. एका संध्याकाळी बाबांच्या शर्टाचं बटण लावायला सुई मागायला गेले, तर उंबऱ्यातच अडवलं. “दिवे लागले गो, आता सुई देऊची नाय. घरातली लक्ष्मी जाता.” आणि ह्या लक्ष्मीच्या घरात दोरा ओवलेल्या सुया, टाचण्या, चिंध्या चटईभर पसरलेल्या, वर त्यात मांजराचं पांढरं पिल्लू उड्या मारतंय! “काकू, निदान सुया तरी डबीत ठेवा,” मी म्हटलं. “मांजराक सगळा कळता,” काकूंनी मलाच उडवून लावलं. तेवढ्यात पिल्लू ओकाऱ्या काढायला लागलं. तोंडातून लाल दोरा लोंबत होता, आणि त्या दोऱ्याची सुई चटईवर कुठेच नव्हती. काकू दोरा ओढायला धावल्या. ओढला तर सुई आत रुतेल म्हणून मी त्यांचा हात झटकला, पिल्लाला टॉवेलात गुंडाळलं आणि टॅक्सीने परळला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. म्हणजे काकूंच्या घरातली सुई दिवेलागणीनंतर बाहेर गेलीच, फक्त पिल्लाच्या पोटातून. पिल्लू वाचलं, पण मी ते काकूंना परत दिलं नाही. आज माझ्या सुया घट्ट झाकणाच्या डबीत असतात, आणि तिन्हीसांजेला कुणी सुई मागितली, तर ती डबी मी मुद्दाम उघडते.