गेरूचं बोट

बारामतीच्या एमआयडीसीत आमच्याकडे फायबरग्लासच्या मॅटवर लेप चढतो. लेपात दगडाची भुकटी लागतेच. पांढरीऐवजी गेरूची घातली, की महागडा रंग विकत आणावा लागत नाही. हे मिश्रण कळस गावचे तात्या करतात. प्रत्येक छटेला ते खाण्याचं नाव देतात. "आज गाजर झालंय. भोपळा पायजे हुता."

परवा पुण्याहून एक साहेब माल बघायला आले. त्यांना कुठलीच छटा पटेना. ऑर्डर हातची जाणार, असं दिसू लागलं. तेवढ्यात तात्यांनी लेपाच्या पिंपात बोट बुडवून साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर सरळ रेघ ओढली.

"असा पायजे का?"

साहेबांनी पोटावरच्या रेघेकडे बघितलं. "अरे, हाच!"

"मग शर्ट हितंच ठिवा. नमुना लागंल."

साहेब ऑर्डर देऊन बनियनवर पुण्याला गेले.